बाहेरची कडी

दिग्रस, ९ नोव्हेंबर १९६१

दादा,
सप्रेम जयभीम.

ज्या घराला बाहेरून कडी लागली, ते घर त्या वेळी कोणाचं असतं? आतल्या माणसाचं, की बाहेरच्या?

हा प्रश्न जयाने मला परवा यवतमाळच्या जेलमध्ये विचारला. चौथीत शाळा सुटलेली धाकटी बहीण विचारते आणि बी.ए. झालेली थोरली जाळीच्या अलीकडे गप्प उभी राहते. तुला सुचलं तर कळव.

जया जेलमध्ये आहे, हे तुला असं एका ओळीत कळवावं लागतंय. पाच वर्षांत तू आम्हाला पत्र लिहिलं नाहीस आणि मीही तुझा पत्ता आत्ता, आपल्या वस्तीतल्या एका भुसावळहून आलेल्या माणसाकडून मिळवला. म्हणून सगळं सरळ सांगते.

गेल्या महिन्यात दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, आपल्या घरात दौलत शिरला. पंजाबराव पाटलाचा पुतण्या. तू गाव सोडलंस तेव्हा तो शाळकरी होता. वस्ती सगळी बाजाराला गेलेली, बासुद्धा. मी इथे दिग्रसला, माझ्या शाळेत. आई असती तर ती तरी घरी असती. जया एकटीच मिरच्या कांडत होती आणि बा येईल म्हणून दार लोटलेलं होतं. दौलत तिच्या अंगावर गेला. त्या घरातून तो जिवंत बाहेर आला नाही. जयाच्या हातात मुसळ होतं. पोलिसांनी तिच्यावर खुनाचा गुन्हा ठेवला आहे.

घाबरू नकोस. आमच्या मुख्याध्यापिका विमलताई यांच्या घरी कायद्याची पुस्तकं आहेत. मी शाळा सुटल्यावर तिथे बसून पीनल कोड वाचते. दादा, त्यात घराची व्याख्या आहे. माणूस राहतो तो तंबूसुद्धा कायद्याला घर वाटतो. तंबू जर घर, तर आपली कुडाची भिंत का नाही? आणि बाईच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला तिने जागीच ठार केलं तरी तो गुन्हा नव्हे, असं स्पष्ट छापलेलं आहे. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मला रडू आलं. ज्या देशात आपल्याला विहिरीवर हात लावू देत नव्हते, त्याच देशाच्या पुस्तकात हे आपल्यासाठी लिहिलेलं आहे. नावगाव, जात, काही न विचारता.

कायदा जयाच्या बाजूने आहे. तू फक्त ये. कोर्टात तिच्या मागे घरचा एक पुरुष माणूस उभा दिसला पाहिजे. बा आहे, पण बाचं तुला माहीत आहे.

तुझी,
कोकिळा


दिग्रस, २६ नोव्हेंबर १९६१

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "मला घर नाही. कडीचं त्याला विचार, ज्याचा जन्म कड्या घालण्यात गेला." दोनच वाक्यं.

तू रागाने लिहिलंस, पण ते खरं निघालं. कडी बानेच घातली.

मी हे मागच्या पत्रात लिहिलं नाही. वाटलं, तू हे वाचलंस तर जयासाठीही येणार नाहीस. आता लपवण्यात अर्थ नाही.

मी बाला विचारलं तेव्हा तो अंगणात बसला होता. त्याच्याच शब्दांत लिहिते.

"बाजारातून येऊन राह्यलो होतो. दाराजोळ आलो तं आतून मर्दाचा आवाज. जयी वरडली. माहे हात पुढं गेले, पोरी. कडी घातली अन् पाटलाकडं पळालो."

"आत काहून नाही गेलास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही तरी अडाण्यासारखं विचारलं.

"घरात चोर असल्यावर येसकर आत जात नसते," तो म्हणाला.

दादा, तू बाची ही गावराखणीची काठी चुलीत घालायला मागत होतास. नागपूरहून दीक्षा घेऊन आलास, देव्हारा नदीत सोडलास, आणि बाच्या हातातली येसकरीची काठी ओढलीस. तो म्हणाला होता, "देव गेले तं जाऊ दे, पण गाव कोन राखील?" त्यावरून तू निघून गेलास. पण ही राखण कशी करायची असते, ते आपण दोघांनी कधी विचारलं नव्हतं. ते मी आता विचारलं.

पाटलाच्या गल्लीत कोणाच्या घरी चोर शिरला, तर येसकराने आत पाऊल टाकायचं नाही. त्याच्या पायाने घर बाटतं. चोराने बाटत नाही. म्हणून येसकराने बाहेरून कडी घालायची, पळत जाऊन पाटलाला वर्दी द्यायची, आणि गावातल्या माणसांनी येऊन दार उघडायचं. तीस वर्षं बाने असंच गाव राखलं. दोन वर्षांपूर्वी ती काठी त्याने स्वतःच पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. हे तुला कोणी कळवलं नाही. काठी ठेवली, पण हात तेच राहिले. स्वतःच्या घरापुढे उभा होता, आत स्वतःची पोर ओरडत होती, आणि त्याने ते घर लोकांचं असल्यासारखं बंद केलं.

मग तो पाटलाकडे गेला. तिथलं मला तिघांनी सांगितलं आणि तिघेही सांगताना हसले.

पाटील ओसरीवर सुपारी कातरत होता. बा पायरीखाली उभा राहिला.

"काय रे झिंग्या, कायची वर्दी? काठी तं ठेवून गेलता ना तू?"

"मालक, माह्या घरात मानूस शिरला. कडी घालून आलो. पोरगी आत हाय."

"मंग मले काहून सांगतं? तुया बुद्धाले सांग. तो नाही का राखत तुयं घर?"

ओसरीवरचे हसले. एकाने म्हटलं, "डोये मिटून बसते म्हनते त्याचा देव. त्याले कसं दिसन?" पुन्हा हसले. बा उभाच. तो परत का धावला नाही, कडी का काढली नाही, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पाटलानं जा म्हनलं नव्हतं."

पाटलाने सुपारी कातरून संपवली, पान लावलं, मग उठला. घरात आपलाच पुतण्या आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. दार उघडलं तेव्हा दौलत उंबऱ्याला डोकं लावून पडला होता आणि जया चुलीपाशी बसली होती. मुसळ तिने धुऊन जागेवर ठेवलं होतं.

आता गावात पोरं बाला पाहून म्हणतात, "झिंगूनं पिंजऱ्यात उंदीर धरला, अन् मांजर आतच होती." बा मान खाली घालून जातो. मला त्याची कीव यायला हवी. येत नाही.

कोकिळा


यवतमाळ, १७ डिसेंबर १९६१

दादा,

आपल्या समाजाच्या लोकांनी नागपूरहून एक वकील मिळवून दिले आहेत. चांगले आहेत, हळू बोलतात. आज ते आणि मी जयाला भेटलो. त्यांनी तिला म्हटलं, माझ्याशी खोटं बोलू नकोस, कोर्टात काय बोलायचं ते नंतर पाहू. तिने सांगितलं ते लिहिते. हे पत्र वाचून जाळ.

"त्यानं मले धरलं होतं. खाली पाडलं होतं. तेवढ्यात कडीचा आवाज आला. तसं त्यानं मले सोडलं. दाराकडं गेला अन् दार ठोकाले लागला. 'काका, कडी काढा,' म्हने. बाले काका म्हने. जल्मात कधी बाले काका म्हनलं नव्हतं त्याच्या घरच्यानं."

"मग?" वकिलांनी विचारलं.

"मंग मी मुसळ घेतलं."

"तो तुझ्याकडे वळला होता का?"

"नाही. पाठ होती माह्याकडं."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. मीच विचारलं, "जया, त्यानं तुला सोडलं होतं, तो बाहेर जायला पाहत होता, मग का मारलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तो बाहेर गेला असता तं उद्या आला असता. तू तं दिग्रसले असतं."

बाहेर आल्यावर वकिलांनी मला समजावलं. दादा, मी जे पुस्तक वाचून रडले होते, त्याच पुस्तकात पुढे असं आहे की धोका असेपर्यंतच हा हक्क असतो. ज्या क्षणी त्याने तिला सोडलं आणि पाठ फिरवली, त्या क्षणी हक्क संपला. उद्याचा धोका कायद्याला दिसत नाही. दार फोडून आला असता तर गोष्ट वेगळी होती. रात्री घर फोडणाऱ्याला घरात असेपर्यंत मारता येतं. पण दार लोटलेलं होतं. उघड्या दाराने आलेला माणूस घर फोडत नाही. मी म्हटलं, "आमच्या वस्तीत दिवसा दार लावलं तर लोक विचारतात, कोण मेलं?" ते म्हणाले, "हे न्यायाधीशांना सांगून उपयोग नाही."

"आणि कडी," ते म्हणाले. "कडी तुमच्या वडिलांनी घातली असेल तर सरकारी वकील म्हणेल, बापाने त्याला कोंडला आणि पोरीने कोंडलेल्या माणसाला मागून मारलं. तो काका काका करत होता. याला बचाव म्हणत नाहीत. जन्मठेप होईल, किंवा त्याहून वाईट."

मी विचारलं, कडी दुसऱ्या कोणी घातली असेल तर?

त्यांनी रस्त्यावर मागेपुढे पाहिलं. "दौलतच्या एखाद्या सोबत्याने, पोरीने पळू नये म्हणून, बाहेरून घातली असेल, तर सगळंच उलटं होतं. मग कोंडलेली ती. तो दाराकडे वळला तो कडी नीट लागली का पाहायला. मग हक्क शाबूत राहतो. पण मी कोणाला काही शिकवत नाही. मी फक्त कायदा सांगतो."

बाने पाटलाला सांगितलं होतं की कडी मी घातली, असं मी म्हटलं. ते म्हणाले, पाटील सांगेल ती ऐकीव गोष्ट, तिला मी तोंड देईन. पोलिसांनी लिहून घेतलेला जबाबही कोर्टात पुरावा ठरत नाही. घालणाऱ्याने कोर्टात उभं राहून सांगितलं, तरच ती कडी त्याची.

जयाला मी जाता जाता एवढंच म्हटलं, "बाहेर दोन माणसांची कुजबुज ऐकली होतीस तू. आठव." ती हुशार आहे. म्हणाली, "आठवलं."

आता बा राहिला.

कोकिळा


गावाहून, २ जानेवारी १९६२

दादा,

शाळेतून रजा घेऊन घरी आले आहे. रोज संध्याकाळी बाला समोर बसवते, दुसरीतल्या मुलाला बसवते तसं.

"म्हण. मी बाजारातून आलो, तेव्हा कडी लागलेली होती."

"मी बाजारातून आलो..."

"तेव्हा कडी लागलेली होती."

"कडी..." आणि तो थांबतो. मी पट्टी जमिनीवर आपटते. मला स्वतःची लाज वाटत नाही, म्हणून भीती वाटते.

काल मी त्याचं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. म्हटलं, "आधी म्हण, मग जेव." भाकरीवर ठेचा होता, जयाने कांडलेल्या त्याच मिरच्यांचा. तो ताटाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "तीस साल वर्दी देली, कोकिळे. एक बी खोटी नाही देली. पाटलाच्या पोरानं भावाच्या खळ्याले आग लावली होती, तवा बी खरं सांगतलं. लय मार खाल्ला, पन खरं सांगतलं."

"ती वर्दी त्यांच्या घरांची होती. हे तुझं घर आहे."

"घर कोनाचं बी असो. वर्दी खरी असते."

मी म्हटलं, "खरं सांगितलंस तर जया जन्मभर आत राहील. कदाचित फासावर जाईल."

तो हसला, दादा. लहान पोराची समजूत काढावी तसा. "कायले घाबरून राह्यली? तूच तं म्हनत होती, कायदा आपल्या बाजूनं हाय. नवं राज हाय, नवा कायदा हाय, खऱ्याले भ्याचं काम नाही. मी सांगीन ना साहेबाले, की साहेब, कडी म्या घातली, पोरीचा दोष नाही. साहेब शिकेल मानूस हाय. त्याले समजन."

हे वाक्य माझंच आहे. पाच वर्षं मी त्याला हेच शिकवत होते. आता एकच गोष्ट त्याच्या डोक्यात नीट बसली आहे, आणि ती मला तिथून काढता येत नाही.

तो उपाशीच उठला. अंगणात जाऊन झोपला. मी दाराला आतून कडी घातली.

त्याने विचारलेलं तुला सांगायचं राहिलं. त्याला अजून तुझं नवं नाव घेता येत नाही. म्हणाला, "मारोतीनं काई लिवलं का माह्याबद्दल?" मी नाही म्हटलं.

कोकिळा


दारव्हा स्टेशन, १४ जानेवारी १९६२

दादा,

हे पत्र पोस्टाने येत नाही. ते घेऊन येणारा माणूस तुझ्या दारात उभा असेल. त्याला वाचता येत नाही.

छोटी गाडी लागलेली आहे आणि मी फलाटावरच्या बाकावर बसून लिहिते आहे. बा डब्यात खिडकीपाशी बसला आहे. त्याने सकाळी न्हाव्याला बोलावून दाढी केली, ठेवणीतलं धोतर नेसला. दर थोड्या वेळाने तो खिडकीतून विचारतो, "लिवून झालं का?" आणि मी म्हणते, "होतंय."

मी त्याला सांगितलं की तू आजारी आहेस आणि तू त्याला बोलावलं आहेस.

त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. "मारोतीनं? मले?" त्याने दोनदा विचारलं. "काय म्हने?" मी म्हटलं, "म्हणे, बाला पाठव, चूक झाली." हे तुझ्या नावावर मी बोलले आहे. ऐकून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग त्याने सगळ्या वस्तीला सांगितलं. आपल्या शेजारच्या सोनीबाईला म्हणाला, "पोरगं बिमार हाय, पन बलावलं मले." तिने तुझ्यासाठी तिळाचे लाडू दिले आहेत, त्याच्या गाठोड्यात आहेत.

त्याची एकच अट होती. "तारखेच्या आंधी परत येतो मी. जयीसाठी खरं सांगाचं हाय." मी हो म्हटलं.

मुकदमा पुढच्या सोमवारी उभा राहणार आहे. पाटलाने सरकारी वकिलाला बाचं नाव आधीच दिलं आहे. बाच्या नावाचं समन्स घेऊन शिपाई काल घरी आला होता. तो येणार हे आधीच कळलं होतं, म्हणून बाला मी सकाळपासून सोनीबाईच्या घरात बसवून ठेवलं होतं. शिपायाने विचारलं, वडील कुठे आहेत. मी म्हटलं, पोरीच्या धक्क्याने घर सोडून गेले, कुठे गेले माहीत नाही. तो म्हणाला, हे लिहून द्यावं लागेल. मी लिहून दिलं. खाली सही केली, पुढे बी.ए. लिहिलं. शिपायाने ते वाचलं आणि मला बसायला सांगितलं, दादा. तोवर मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं, आणि घर माझंच होतं.

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसवून द्यायला एक ओळखीचा फिटर सोबत आहे. भुसावळला उतरल्यावर तुझ्या रेल्वेच्या चाळीपर्यंत तोच पोचवेल. मी हे तुला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

तुला बाचं तोंड पाहायचं नव्हतं. आता पाहावं लागेल. तुझा राग मी काढून घेत नाही, तो राहू दे. मलाही आहे. पण जया तीन वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन तू पोळ्याचे बैल दाखवायला नेलं होतंस, आणि गावाने आपल्याला दुरूनच उभं केलं म्हणून तिला दिसावं यासाठी तू बांधावर चढला होतास. ती तुझ्याजवळ काही मागत नाही. तिला तुझं कार्डही मी दाखवलं नाही.

बाला काही समजावायला जाऊ नकोस. मी सगळं करून पाहिलं. तो तुझ्याशी भांडणारही नाही. दोन दिवस तो खुशीत राहील. तिसऱ्या दिवशी तारखेचं विचारेल. मग गाडीचं विचारेल. मग एखाद्या सकाळी गाठोडं उचलून चालायला लागेल, कारण त्याने वर्दी द्यायची आहे.

शिट्टी झाली. तो पुन्हा विचारतो आहे, "झालं का?"

झालं.

तू हे वाचत असशील तेव्हा तो उंबऱ्याच्या बाहेर उभा असेल, तुझ्या तोंडाकडे पाहत. आत ये म्हटल्याशिवाय तो कोणाच्या घरात शिरत नाही. त्याला आत ये म्हण. पाणी दे, जेवू घाल, त्याला हवं तर मारोती म्हणू दे. निकाल लागला की मी तार करेन.

तोवर, तो जेवायला बसला की तू बाहेर ये, आणि कडी घाल.

कोकिळा